दुःखाच्या चित्रात आशा कुठे ठेवायची: वचनावरून चित्र करणाऱ्यांसाठी

आजारी माणसाच्या खोलीत लावायला चित्र करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात उगवत्या सूर्याकडे वळतो. नारिंगी आकाश, एक कबूतर, खाली सोनेरी अक्षरांत वचन. देणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, यात शंका नाही. पण ज्यानं रात्रभर कूस बदलत काढली, त्याच्या वेदनेचा त्या चित्रात मागमूस नसतो. म्हणून त्यातली आशाही त्याच्या खाटेपर्यंत पोचत नाही.

पवित्र शास्त्राची रीत वेगळी आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू थोमापुढे उभा राहतो आणि त्याला आपल्या जखमा दाखवतो. मरण जिंकून उठलेल्या शरीरावरही खिळ्यांचे वण आहेत, ते पुसले गेलेले नाहीत. ख्रिस्ती आशेचं चित्र करू पाहणाऱ्यानं हा प्रसंग कायम डोळ्यांपुढे ठेवावा. उजेड दुःखापासून लांब, वर कुठेतरी आकाशात टांगायचा नाही. तो दुःखाच्या ठिकाणीच ठेवायचा. हे मनानं पटणं सोपं आहे, कागदावर उतरवायला मात्र पद्धत लागते. ती पद्धत इथे क्रमानं मांडते आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंत चित्रकला केली असेल तर एवढी तयारी पुरे. कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या या गावात जलरंग घेऊन घाटावर बसलेला मुलगा बघून कुणाला नवल वाटत नाही. आणि वचन तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथे आले, तेव्हापासून कोल्हापुरात मराठी ख्रिस्ती मंडळी उभी राहत गेली. चित्रकला आणि वचन दोन्ही हाताशी आहेत, त्यांची गाठ घालायची आहे.

आधी वचन, तेही पूर्ण अध्यायासकट

कुणासाठी किंवा कुठल्या दुःखासाठी चित्र करतो आहोत, हे पहिल्यांदा ठरवा. सरसकट ‘दुःख’ असं काही नसतं. घरात मरण आलं असेल तर योहान ११ वाचा. लाजरला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. शेत गेलं असेल तर हबक्कूक ३, जिथे अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरीही संदेष्टा आनंद करीन म्हणतो. थकून जगणंच नको झालेल्यासाठी १ राजे १९. एलीया झुडपाखाली मरण मागत आडवा होतो, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. आजाऱ्याच्या खोलीसाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही.

वचन निवडलं की त्याच्या मागचं-पुढचं वाचा. भिंतीवर लावायच्या वचनांची गफलत इथेच होते. यिर्मया २९:११ आपल्या घराघरांत आहे: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते भविष्य आणि आशा देणारे आहेत. पण हे वचन बाबेलच्या बंदिवासात असलेल्यांना धाडलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं सांगितलं आहे, आणि पाचव्या वचनात, तिथेच घरं बांधा, बागा लावा. मग या वचनाचं चित्र काय होईल? परक्या गावात, भाड्याच्या खोलीच्या दारात डब्यात तुळस किंवा कढीपत्ता लावणारी बाई. सोनेरी पहाटेपेक्षा हे चित्र वचनाशी जास्त प्रामाणिक आहे.

ईयोबाचा चौदावा अध्याय घ्या. सातव्या वचनापासून तो झाडाविषयी बोलतो: तोडलं तरी झाडाला आशा असते, बुंधा मातीत सुकला तरी पाण्याच्या नुसत्या वासानं त्याला धुमारे फुटतात. वाचताना लगेच हात पेन्सिलीकडे जातो. पण दहाव्या वचनात ईयोब वळतो आणि म्हणतो, माणसाचं तसं नाही. माणूस मरतो आणि मग तो कुठे असतो? चौदाव्यात तर उघड प्रश्न आहे, मेलेला माणूस पुन्हा जगेल काय? हिरवा कोंब काढून मोकळं झालात तर ईयोबाचा प्रश्न गिळून टाकलात. चित्रात कोंब हवा आणि त्याच्या शेजारी तो प्रश्नही हवा. कसा, ते पुढे सांगते.

निवडलेला उतारा हातानं लिहून काढा. मोबाइलवर वाचू नका. निदान आठवडाभर रोज सकाळी तोच वाचा. ज्या शब्दापाशी रोज अडखळायला होतं, बहुधा तिथेच चित्र असतं.

वचनाची उकल

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे उताऱ्यात डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू लिहा, उजवीकडे क्रिया. यशया ४३:२ घेतलं तर डावीकडे पाणी, नद्या, अग्नी, ज्वाला. उजवीकडे चालणं, ओलांडून जाणं, न बुडणं, न जळणं, बरोबर असणं. आता नीट बघा: पाणी ओसरेल असं वचन म्हणत नाही. पाण्यातून जावं लागणार हे गृहीत धरलं आहे, आणि वचन आहे ते सोबतीचं. म्हणजे ओसरलेल्या पुराचं, इंद्रधनुष्याचं चित्र या वचनाचं नव्हे. या वचनाचं चित्र भर पुरात काढावं लागेल.

ही उकल झाल्याशिवाय रंगांना हात लावू नका. पुढे ‘उजेड कुठे’ हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर याच दोन रकान्यांतून मिळतं.

बघायला बाहेर पडा

शास्त्रातली दृश्यं पॅलेस्टाइनची आहेत, ती तशीच काढायला हरकत नाही. पण आपण न पाहिलेली खजुराची झाडं आपल्या हातातून पोस्टकार्डासारखी उतरतात. पाहिलेली गोष्ट वेगळी उतरते.

पंचगंगेच्या घाटावर जा. पावसाळ्यात तिथली देवळं कळसापर्यंत पाण्यात जातात आणि पाणी उतरलं की दगडावर गाळाचा पट्टा राहतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडीकडे आजही घराच्या भिंतीवर हात ठेवून लोक सांगतात, इथवर होतं. ती रेघ जवळून बघा. ती सरळ नसते. खाली गडद तपकिरी, वर फिकट पिवळी, मध्ये पोपडे धरलेला चुना, आणि कुठेतरी एखादा खिळा ज्याच्यावरचा गंज खाली ओघळला आहे. या एका रेघेत पुराची सगळी हकिकत आहे. चित्रात ती आली की बघणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

ऊसतोड झालेल्या रानात खोडवा बघा. जमिनीलगत तोडलेली बुडखी, वर पाचटाचा थर, आणि काही दिवसांनी त्यातून वर येणारी टोकदार हिरवी पाती. ईयोबाच्या बुंध्यासाठी हे चित्र आपल्याच शिवारात आहे. बसून काढा, उभ्यानं नको. जमिनीच्या पातळीवरून तोडलेल्या बुडख्यांच्या कापा दिसतात, उभ्यानं फक्त हिरवळ दिसते. आणि त्या प्रश्नाचं काय? त्याच रानाच्या कडेला बांधावर काढून ठेवलेली वहाणांची जोडी, जिचा मालक चित्रात कुठेच नाही, एवढं पुरतं. कोंब एका बाजूला, रिकाम्या वहाणा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींमध्ये उत्तर न देता सोडलेली मोकळी जमीन.

गुऱ्हाळ सुरू असेल त्या दिवसांत संध्याकाळी चुलवाणापाशी जाऊन बसा. चिपाडाच्या जाळाचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांखालच्या सावल्या उलट्या पडतात. दानीएल ३ मधल्या भट्टीचं चित्र करायचं असेल तर हा अभ्यास हवाच. तिथेही देवानं आग विझवली नाही. राजानं देवाच्या तिघा भक्तांना आत टाकलं आणि त्यालाच आत चौघे दिसले.

दवाखान्यात रेखाटनं करायची तर फार जपून. आजाऱ्याची आणि घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय चेहरा काढू नये, फोटो तर मुळीच घेऊ नये. वस्तू काढा. खाटेच्या कडेला लटकलेला टॉवेल, स्टीलचा डबा, सलाइनचा स्टँड, उशाशी ठेवलेलं जीर्ण पवित्र शास्त्र, आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेल्या माणसाच्या चपला. सोबत करणाऱ्याचं दुःख आपल्या चित्रांत जवळजवळ कधीच येत नाही. ते यायला हवं.

दोन चित्रकारांकडून शिकण्यासारखं

माथियास ग्रूनेवाल्ड यानं १५१२ ते १५१६ या काळात ईझेनहाइमच्या मठासाठी वेदीमागची, दारांसारखी उघडणारी एक मोठी चित्रफळी रंगवली. आज ती फ्रान्समधल्या कोलमारच्या संग्रहालयात आहे. त्या मठात ज्या रोग्यांची शुश्रूषा होई त्यांना राय धान्यावरच्या बुरशीतून होणारा रोग जडलेला असे. अंगाची आग आग, कातडीवर फोड, सडणारे हातपाय. ग्रूनेवाल्डनं वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचं अंग तसंच फोडांनी भरलेलं रंगवलं. रोगी समोर आला की त्याला आपलाच रोग प्रभूच्या अंगावर दिसे. सणाच्या दिवशी ती दारं उघडली की आत पुनरुत्थानाचं चित्र होतं: झगमगत्या वलयात वर जाणारा ख्रिस्त, कातडी नितळ, पण हातापायांचे घाव तसेच, आणि तेही उजळलेले. मोबाइलवर हे चित्र शोधा आणि मोठं करून बघा. वधस्तंभाचं चित्र आधी, पुनरुत्थानाचं नंतर, असं बघा.

दुसरा चित्रकार आपल्या जवळचा. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्याचे. शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी काम केलं. त्यांची मरिया साडी नेसते. त्या काळी यावर टीकाही झाली. आपल्या चित्रातली विधवा शुभवर्तमानातल्या नाईन गावची असली तरी तिचा पदर आपल्याकडच्या बाईसारखा असू शकतो, हे धैर्य मला त्यांच्या चित्रांतून मिळतं.

इथे एक शंका हमखास येते. आपली बहुतेक चर्चं साध्या भिंतींची आहेत आणि जुनी माणसं विचारतात, मूर्ती करू नको म्हणणाऱ्या दुसऱ्या आज्ञेचं काय? शंका आदरानं घ्यावी. आपलं चित्र पूजेसाठी नाही, त्यापुढे मेणबत्ती लावायची नाही. एखादा उभा राहून साक्ष देतो तशी ती रंगांत दिलेली साक्ष आहे. तरीही पाळकांना आधी दाखवा. ख्रिस्ताचा चेहरा काढायला मन धजत नसेल तर काढू नका. वण असलेला हात, पाठमोरी आकृती, रिकामी कबर, घडी करून ठेवलेला रुमाल, यांतून तो पुरेसा दिसतो.

आराखडे: उजेडाची जागा ठरवणं

आता पेन्सिल. काड्यापेटीएवढ्या चौकटी आखा आणि एकाच विषयाचे सात-आठ आराखडे करा. तपशील नको. फक्त तीन छटा: काळी, करडी, पांढरी. प्रत्येक चौकटीत पांढऱ्याची जागा बदला. एकदा आकाशात ठेवा, एकदा दारात, एकदा माणसाच्या पायाशी, एकदा हातातल्या वस्तूवर. मग वचनाचे दोन रकाने समोर घेऊन विचारा, वचनानं आशा कुठे ठेवली आहे?

विलापगीताची रचना इथे उपयोगी पडते. पाच अध्याय आहेत. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा प्रत्येकी २२ वचनांचा, आणि मधला तिसरा ६६ वचनांचा. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वचन त्या तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या गाभ्यात आहे. त्यानंतर चौथ्या-पाचव्यात पुन्हा भूक, राख, उद्ध्वस्त नगर. आशा शेवटी येऊन सगळं गोड करत नाही; ती मध्यात बसते आणि चारही बाजूंनी दुःख तसंच राहतं. चित्रातही हे करून बघा. उजेड मधोमध, लहान, आणि कडा गडदच. वरच्या कोपऱ्यातून येणाऱ्या किरणांपेक्षा हे कितीतरी खरं वाटतं.

स्तोत्र ८८ वर काम करणाऱ्यांना हेही जमणार नाही, कारण त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो. मग पांढरं कुठे ठेवायचं? माझं म्हणणं, ठेवू नका. ते स्तोत्र आशेचं आहे ते एवढ्यासाठीच की ते देवाशी बोललेलं आहे. कोळशानं पूर्ण गडद चित्र करा, पण सगळ्या रेषांचा कल एकाच दिशेनं ठेवा. झुकलेली पाठ, दाराची फट, अंथरुणाची चुणी, सगळं एकाच कडेकडे वळलेलं. कडेला काही काढू नका. माणूस कुणाशी तरी बोलतो आहे एवढं दिसलं की झालं.

पुराचं चित्र, कागदापासून शेवटपर्यंत

यशया ४३:२ वरचं हे जलरंगातलं चित्र सविस्तर सांगते, कारण एक नीट केलं की बाकीची आपोआप उलगडतात.

दृश्य असं. गावातली गल्ली पाण्यात. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. पाठमोरा एक माणूस मांडीभर पाण्यातून चालला आहे, म्हातारीला पाठीवर घेऊन. तिचा हात त्याच्या छातीशी घट्ट. वर आकाशाची अगदी अरुंद पट्टी, तीही भरलेली.

कागद ३०० जीएसएमचा घ्या, साधारण ११ बाय १५ इंच. परवडत असेल तर सुती. नाहीतर चांगला हँडमेड कागद चालतो, पण आधी कोपऱ्यावर रंग लावून शोषून घेतो का ते पाहा. कागद ड्रॉइंग बोर्डवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवा. रंग पाचच: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, इंडियन रेड. गोल ब्रश ६ आणि १० नंबरचे, एक इंची चपटा एक. पाण्याची दोन भांडी. पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली त्या दिवशी टेबलावरच ठेवू नका.

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. कागदाचा जो भाग उजळ हवा तो पहिल्या ब्रशच्या आधी ठरवावा लागतो आणि चित्र गडद होत जातं तसतसा शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. या चित्रात राखायची जागा कोणती? आकाश नव्हे. चालणाऱ्या माणसाच्या मांड्यांभोवतीचं पाणी, आणि तिथून पुढे त्याच्या वाटेवर निमुळती होत गेलेली एक तुटक पट्टी. सोबत आहे ती पाण्यात आहे, म्हणून उजेडही तिथेच. एचबी पेन्सिलीनं ही जागा हलकेच आखून घ्या.

पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून, खूप पातळ, राखलेली जागा सोडून सगळीकडे. पुराचं पाणी निळं नसतं, माती घेऊन आलेलं तांबूस तपकिरी असतं. निळ्या पाण्याचा पूर कोल्हापूरकराला खोटा वाटेल. राखलेल्या पट्टीच्या कडा जवळजवळ कोरड्या ब्रशनं, कागदाच्या खरखरीवरून ओढत सोडा, म्हणजे उजेड पाण्यावर लकाकल्यासारखा तुटतो. कागद झाकायला लावतात त्या मास्किंग फ्लुइडनं कडा कातरल्यासारख्या येतात, इथे ते टाळा.

वॉश पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात यालाच वेळ लागतो; हेअर ड्रायर वापरायचा तर हातभर लांबून. अर्धवट ओल्यावर दुसरा वॉश चढवला की रंगाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

दुसरा वॉश आकाशाचा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून करडा, कागद आधी पाण्यानं ओला करून. खाली भिंतींवर येताना त्यातच इंडियन रेड मिसळा. एका मिश्रणात दोन-तीनपेक्षा जास्त रंग नको, नाहीतर सगळं गढूळ होतं. पाण्याला गढूळपणा हवा आहे, रंगाला नको.

तिसऱ्या टप्प्यात भिंती. आधी पाहून ठेवलेली गाळाची रेघ इथे येते. सध्याच्या पाण्याच्या वर, हातभर उंचीवर, जुन्या पुराची एक फिकट रेघ दाखवा. याआधीही असंच पाणी आलं होतं, त्यातूनही माणसं गेली होती, हे न लिहिता दिसतं. अनेक स्तोत्रांतही हेच आहे: आताच्या संकटात उभं राहून मागच्या सुटकेची आठवण.

माणूस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गडद. अंबर आणि अल्ट्रामरीन घट्ट कालवा. म्हातारीच्या पदराची आणि त्याच्या खांद्याची कड एक होऊ द्या, दोघांमध्ये रेघ नको. पाय पाण्यात शिरतात तिथे कड विरघळवा. चेहरे दिसतच नाहीत, म्हणून हा माणूस कुणाचाही मुलगा, शेजारी किंवा अनोळखी तरुण होऊ शकतो. त्याच यशयात, ४६ व्या अध्यायात, देव म्हणतो की तुम्ही वृद्ध व्हाल तरी मी तुम्हाला वाहून नेईन. म्हातारीला पाठीवर घेण्याची कल्पना तिथून आली आहे.

राखलेली जागा चुकून रंगली तर स्वच्छ ओल्या, जरा ताठ ब्रशनं घासून टिपकागदानं टिपा. मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलले जातात. शेवटी, कागद खडखडीत वाळल्यावर, एक-दोन ठिकाणी ब्लेडच्या टोकानं खरवडून तीव्र चकाकी आणता येते. एक-दोनच ठिकाणी. आणि आकाशात थोडा उजेड टाकावा असं वाटेल तेव्हा चित्र भिंतीला टेकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

इतर माध्यमांविषयी थोडं

गटानं काम करायचं असेल तर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरून घेतलेला छाप, चांगला. लिनोच्या तुकड्यावर शाई लावली की न कोरलेलं सगळं काळं छापतं, आणि पांढरं हवं तिथे हत्यारानं माल काढावा लागतो. छाप घ्यायला प्रेस नको, चमच्याची पाठ पुरते. अक्षरं उलटी कोरायची, हे मुलांना आधी सांगा. खोडव्याचा विषय यात सुरेख बसतो.

मातीत करायचं तर २ करिंथकर ४:७, मातीच्या भांड्यातला ठेवा. शाहूपुरी किंवा बापट कॅम्पच्या कुंभारांकडे साधी मडकी, पणत्या मिळतात. आजकाल फुटलेलं भांडं सोन्यानं सांधलेलं दाखवण्याची चाल आहे. दिसायला छान, पण पौल तसं म्हणत नाही. भांडं स्वस्त, कच्चं, फुटण्यासारखं आहे, आणि तसं असतानाच सामर्थ्य देवाचं असल्याचं दिसतं. तडा गेलेलं मडकं तडा गेलेलंच ठेवा आणि आत दिवा लावा.

अक्षरं

चित्रात वचन लिहायलाच हवं असं नाही. चित्र बोलत असेल तर कोपऱ्यात फक्त ‘यशया ४३:२’ पुरे, घरी जाऊन माणूस उघडून वाचतो. पूर्ण वचन लिहायचं असेल तर चित्रावर नको, खाली वेगळी पट्टी ठेवा. बोरूला तिरका काप देऊन, त्याच चित्रातल्या गडद तपकिरी रंगानं लिहा. सोनेरी रंग टाळा. शिरोरेघ शेवटी एका दमात ओढण्यापेक्षा शब्दागणिक ओढलेली बरी, ओळ जिवंत राहते. मजकूर पवित्र शास्त्रातून अक्षर न अक्षर पडताळून घ्या. आठवणीतून लिहिलेल्या वचनात शब्द इकडचे तिकडे होतातच.

दुःखात असलेल्यांबरोबर बसताना

महिला मंडळात, संडे स्कूलमध्ये किंवा तरुण संघात हे करायचं तर दीड-दोन तास ठेवा. उतारा दोनदा मोठ्यानं वाचा, मध्ये शांतता. मग प्रत्येकानं आपल्या दुःखाची एक वस्तू काढायची. माणूस नको, प्रसंग नको, फक्त वस्तू: औषधाची पट्टी, बंद दुकानाचं कुलूप, रिकामा पाळणा. त्यानंतर पुन्हा उतारा वाचून, वाटलं तर, त्या वस्तूभोवती वचनातली एखादी गोष्ट काढायची. वाटलं नाही तर तसंच ठेवायचं. कुणालाही चित्र समजावून सांगण्याची सक्ती नको.

एखाद्या मुलानं पान नुसतं काळं केलं तर त्याला पिवळा खडू देऊ नका. स्तोत्र ८८ शास्त्रात आहे, तसं त्याचं पानही प्रदर्शनात लागेल. पण बोलता बोलता कुणी जगणं नको असं म्हणालं तर ते चित्रापुरतं समजू नका. त्याच दिवशी घरच्यांना, पाळकांना, डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

लावणं, देणं, टिकवणं

चित्रं चर्चमध्ये लावायला उत्तम शुक्रवारचा आठवडा सगळ्यात योग्य. गुरुवारी दुःखाची चित्रं लावा आणि ईस्टरच्या सकाळी ती काढू नका. त्यांच्याच शेजारी नवी लावा. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासारख्या ठिकाणी लावायची तर प्रत्येक चित्राखाली उतारा छापून ठेवा, कारण तिथे येणाऱ्या सगळ्यांकडे पवित्र शास्त्र नसतं. वाचणारे थांबून वाचतात.

आजाऱ्याला चित्र देण्याआधी एकदा साधा कागदावरचा छाप नेऊन दाखवा आणि विचारा, हे समोर असलेलं आवडेल का? नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. लावायचं झालं तर उशाच्या वर नको, पायांकडच्या भिंतीवर, पडल्या पडल्या दिसेल अशा उंचीवर लावा. खिडकीसमोर काच चमकते, म्हणून जागा आडवं होऊन एकदा स्वतः बघा.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी राहू द्या. कागद काचेला चिकटला की कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पाठीमागे पुठ्ठ्याच्या कडा कागदी टेपनं बंद करा आणि भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. गणपतीच्या सुमारास फ्रेम उतरवून मागची बाजू तपासा. ठिपके दिसले तर फ्रेम उघडून चित्र सावलीत वाळवा, उन्हात धरू नका.